दहावा गुलाबी कागद

आमच्या विज्ञानाच्या सरांना वेळ विचारायची सोय नव्हती. त्यांच्या दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ असायचं आणि त्यातलं एक मुद्दाम चुकीचं लावलेलं असायचं. किती वाजले असं विचारलं की ते दोन्ही हात पुढे करायचे. "यातलं एक खोटं आहे. कोनतं ते सांग आणि टाइम घेऊन जा." खोटं कोणतं, हे रोज बदलायचं. गोंदियाच्या बसची वाट पाहणारा एक बिचारा विमा एजंट एकदा त्यांच्या तावडीत सापडला. सरांनी त्याला उन्हात काठी रोवून सावली मोजायला लावली. तेवढ्यात त्याची बस गेली. सर मात्र दिवसभर खुशीत होते, कारण माणसानं उत्तर बरोबर काढलं होतं.

गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'कायवरून सर'. समोरच्यानं काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कायवरून?" पोस्टमन म्हणाला, तुमचं पत्र आहे, की "कायवरून?" घरात काकूंनी ताट वाढलंय म्हटलं तरी "कायवरून?" काकू आतूनच ऐकवायच्या, "वास येत नसंन तं उपाशी राहा." सर मुकाट्यानं पाटावर जाऊन बसायचे. काकूंपुढे त्यांचं विज्ञान चालत नसे.

ते मूळचे आमगावकडचे. घरी पोवारी बोलायचे, वर्गात शाळेचं मराठी, आणि रंगात आले की आमची झाडीबोली. आमचं गाव केशोरीच्या पलीकडे, चहूबाजूंनी धान आणि मधे तलाव. अशा गावात बदलीवर आलेला मास्तर पहिल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीत असतो. हे सर आल्या आल्या तलावाच्या पाळीवर गेले आणि तिथं धुणं धुणाऱ्या बायांना विचारत बसले, की साबण फेसतो काऊन. माणूस सरकलेला आहे यावर गावाचं त्याच दिवशी एकमत झालं. मी तेव्हा पाचवीत होते आणि माझंही तेच मत होतं.

आठवीत त्यांचा तास आला आणि मत बदललं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलावर डस्टर ठेवला आणि म्हणाले, "मी रोज पाच गोष्टी सांगीन. चार खऱ्या, एक थाप. घंटा व्हायच्या आत जो थाप पकडंन त्यानं हा डस्टर टेबलावर आपटायचा. पकडली तं घंटा होईपर्यंत माझी खुर्ची त्याची. मी त्याच्या बाकावर."

मग नियम सांगितले. 'मला असं वाटते' याला शून्य. 'पुस्तकात आहे' याला अर्धं. 'मी पाहिलं' किंवा 'करून पाहिलं' याला पूर्ण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर आहेत म्हणून सोडायचं नाही. आम्हाला घरीदारी, देवळात, शाळेत उलट न बोलण्याचंच वळण. इथं एक मोठा माणूस स्वतःहून म्हणत होता की मी खोटं बोलणार आहे, मला पकडा. त्या दिवसापासून आमचा वर्ग विज्ञानाच्या तासाला कान टवकारून बसायला लागला. आदल्या तासाला पेंगणारी पोरंसुद्धा.

मी पकडलेली पहिली थाप जन्मात विसरणार नाही. सर म्हणाले, "बगळा एका पायावर उभा राहते, कारन त्याच्या दुसऱ्या पायात रक्त नसते." इतक्या सहज म्हणाले की अर्ध्या वर्गानं वहीत उतरवूनही घेतलं.  मी धावत गेले आणि डस्टर आपटला. खडूची भुकटी सरांच्या शर्टावर उडाली.

"कायवरून?"

"सर, रक्त नसतं तर पाय वाळून गेला असता. आणि तो पाय बदलतो. मी तलावावर पाहिलं आहे."

"किती येळा?"

"शाळेत येताना रोज."

सर उठले. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि माझ्या बाकावर जाऊन बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. तिथून हात वर करून म्हणाले, "मॅडम, मंग बगळा एक पाय वर कायले घेते?" मला उत्तर येत नव्हतं. ते मी कबूल केलं, तर म्हणाले, "मॅडम खऱ्या आहेत. मलेबी पक्कं नाई मालूम." त्या दहा मिनिटांत मी शिक्षिका व्हायचं ठरवलं. लोक अशा गोष्टी मागाहून रचून सांगतात हे मला ठाऊक आहे, पण माझ्या बाबतीत ते खरंच तसं झालं.

नववीत सरांनी खेळ पुढे नेला. "पकडायले शिकले. आता बनवायले शिका. सैपाक येते त्यालेच समजते भाजीत काय टाकलं." थापेचे मसाले तीन, असं त्यांचं म्हणणं. भेव, म्हणजे भीती. घाई. आणि मोठ्या माणसाचं नाव. शिवाय वरून एक चिमूट खरं, कारण त्याशिवाय थाप गळ्याखाली उतरत नाही. चार-चार जणांचे गट पाडले. प्रत्येक गटानं एक थाप रचायची, कागदावर उतरवायची आणि वर्गातल्या दहा बाकांवर वाटायची. बाक म्हणजे घर. किती घरांनी विश्वास ठेवला असता, ते मोजायचं. शेवटी ज्यानं थाप लिहिली त्यानं दहाही कागद स्वतःच्या हातानं फाडून टोपलीत टाकायचे. थाप फाडल्याशिवाय सर वर्ग सोडत नसत, मग बाहेर घंटा होऊन गेली तरी.

कागद कुठून आणायचे, तर नाटकाचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. जीप भोंगा लावून फिरते आणि गुलाबी पत्रकं उधळते, एका बाजूला नटीचा फोटो, दुसरी बाजू कोरी. सरांनी जीपवाल्याकडून उरलेला गठ्ठा मागून घेतला होता. ऑफिसात चाचणीचे पेपर काढायचं सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र होतं. त्यावर त्यांनी आम्ही हातानं स्टेन्सिलवर लिहिलेल्या थापा त्या कोऱ्या बाजूला छापून दिल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून.

त्याच आठवड्यात गावात हत्तीपायाच्या गोळ्या वाटायच्या होत्या. हा रोग आमच्या भागात जुना. वरच्या टोलीत, म्हणजे वरच्या वस्तीत, माझ्या आत्याच्या सासऱ्यांचा पाय मी लहानपणापासून पाहत आले होते. ते पाय उचलून ठेवत, चालत नसत. मी तोच विषय घेतला. माझा कागद असा होता: "हत्तीपायाच्या गोळीने चक्कर येते. रक्त पातळ होते आणि माणसाची बांधीत उभं राहायची ताकद कायमची जाते, असे नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे. गोळ्या वाटण्याआधी दहा घरी सांगा."

धान लावणाऱ्या माणसाला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभं राहता आलं नाही तर तो संपलाच. भीती बरोबर जागी बसली होती. चक्कर ही खरी चिमूट, ती खरंच काहींना येते. दहापैकी दहा बाकं पडली. सरांनी टाळ्या वाजवल्या, दोन येरझाऱ्या घातल्या, आणि म्हणाले, "एक नंबर. आता फाड."

मी वरचा एक कागद फाडला. त्याच्याखाली मी कोरी पत्रकं घेतली होती, ती फाडली. माझे नऊ कागद दप्तरात गेले. कारण एवढंच, की ते छापलेलं होतं. माझं वाक्य, माझं अक्षर, आणि छापलेलं. आयुष्यात पहिल्यांदा. कोणाला दाखवायचं असंही काही नव्हतं. मला फक्त ते जवळ हवं होतं.

माझी आई बुधवारच्या बाजारात मुरमुरे-फुटाण्यांचं दुकान लावायची. पुड्यांना कागद कमी पडले म्हणून तिनं माझ्या दप्तरातून नटीच्या फोटोचे नऊ कागद काढून नेले. मागची बाजू तिनं पाहिलीच नाही. लोकांनी घरी जाऊन मुरमुरे खाल्ले आणि मग कागद उलटून वाचला.

शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाई भर वर्गात आल्या. गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायच्या होत्या, आणि घरोघर सांगायला गेल्या तर वरच्या टोलीतल्या बायांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. माझ्या आत्यानं तर दार लावून घेतलं होतं. सिस्टरबाईंच्या हातात एक तेलकट गुलाबी कागद होता. "सर, हे पाहा. कोन वाटून राहिलं हे?"

सरांनी कागद वाचला. एकदा, मग पुन्हा.  आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला तो कागद पाठ होता आणि कोणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे आत्याच्या दोन लहान मुली आल्या आणि सासऱ्यांचा तो पाय आला. मी उभी राहिले.

"सर, हा कागद माझा आहे."

"कायवरून?"

कोणी हसलं नाही. सरांनाही बहुतेक ते सवयीनंच आलं असावं.

"अक्षर माझं आहे, सर. आणि मी नऊ कागद फाडलेच नव्हते."

"काऊन नाई फाडले?"

"छापून आलं होतं, सर."

ते माझ्या बाकापाशी आले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी कधी कोणाला मारलं नव्हतं. मग म्हणाले, "वाक्य चांगलं जमलं होतं. तेच तं लफडं झालं."

त्याच दुपारी सरांना ऑफिसात बोलावणं आलं. हेडसर गोंदिया शहरातले. चिडले की हिंदीवर जायचे, तसे गेले. "देखो सर, ये खेल-वेल बंद. पोरांना खोटं बोलायला शिकवता, असं सरपंच म्हणून राहिले. कल गोलियाँ वापस गईं तो मुझे ऊपर लिखना पडेगा, मग तुमची नोकरी तुम्ही सांभाळा." सर म्हणाले, "लिहा. थाप बनवायले मीच लावलं होतं. पन उद्या दुपारपर्यंत थांबा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकत होते. उद्या गावानं गोळ्या नाकारल्या तर रोग राहणार, सर जाणार आणि खेळही जाणार, हे मला लख्ख समजलं.

शनिवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर सिस्टरबाईंनी टेबल मांडलं. लोक जमले होते, पण टेबलापासून लांब. सर सायकलच्या कॅरिअरला आपली वर्गातली खुर्ची बांधून घेऊन आले. ती त्यांनी मधोमध ठेवली आणि मला पुढे केलं. "सांग."

 "तो गुलाबी कागद मी बनवला. वर्गात खेळ होता. त्यात लिहिलेलं खोटं आहे." गर्दीत कुजबुज झाली. आईनं पदर तोंडाला लावला. वरच्या टोलीच्या बायांमधून कोणीतरी म्हणालं, "आता लेकरू घाबरून बोलून राहिलं. हिले बोलायले लावलं असंन."  खरं सांगूनही लोक मानत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "खोटं आहे म्हणू नको. कसं बनवलं ते दाखव. खेळ खेळ."

मग मी मोठ्यानं म्हटलं, "चला, आपण आत्ता एक थाप बनवू. मुरमुऱ्यावर." आईनं पदर काढून माझ्याकडे डोळे वटारले. "पहिल्यांदा एक खरी गोष्ट पाहिजे."

 मग एक म्हातारा म्हणाला, "सात वर्षाच्या लेकराचे दात पडतात."

"हां. आता भेव."

"मुरमुऱ्यानं पडतात," एक पोरगा ओरडला.

"नाव कोणाचं टाकू?"

"नागपूरच्या दातवाल्या डॉक्टरचं," हे खुद्द सरपंच म्हणाले.

"आणि घाई?"

आता चारी बाजूंनी आवाज यायला लागले. येत्या बुधवारच्या आत दहा घरी सांगा, नाही सांगितलं तर मोठ्यांचेही दात पडतील. मी सगळं जोडून मोठ्यानं वाचलं: सातव्या वर्षी लेकरांचे दात मुरमुऱ्यानं पडतात, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे.  मग एक जण म्हणाला, "मले कोनी असं येऊन सांगतलं असतं तं मी मानलं असतं, भाऊ." आई म्हणाली, "आता माह्ये मुरमुरे कोन घेईन?" आणि सगळी गर्दी हसली. माझ्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. मी गुलाबी कागद काढून वाचायला घेतला, तर लोकच बोटांवर मोजून सांगायला लागले. हे भेव. हे नाव. ही घाई. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

तेवढ्यात दात सुचवणारे आजोबा म्हणाले, "मंग चक्कर येते का नाई येत?"

सिस्टरबाई सरांच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "चक्करचं काही बोलू नका सर. जमलेलं सगळं मोडून जाईल." मी अगदी शेजारी होते म्हणून ते मला ऐकू आलं.

"ते लपवलं तं आता थाप आपन मारून राहिलो," सर म्हणाले, आणि गर्दीकडे वळले. "येते. काही लोकाइले येते. सिस्टरबाई, सांगा त्याइले कायले येते." सिस्टरबाईंनी मग नीट सांगितलं. रक्तातले बारीक जंतू गोळीनं मरतात, तेव्हा काहींना चक्कर येते, मळमळतं, ताप येतो, आणि ते उतरतं. उपाशीपोटी खाऊ नका. पोटुशीनं, दोन वर्षांच्या आतल्या लेकरानं आणि फार आजारी माणसानं खायची नाही.

"पन ताकद जात नाई, हे कायवरून?"

आवाज बायांच्या मागून आला. माझी आत्या.

सर जागच्या जागी उडी मारून वळले. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. "चार वर्सं झाली मले या गावात," ते म्हणाले, "आज कोनी मले माहाच सवाल केला. या बाई, बसा." त्यांनी खुर्चीकडे हात केला. सरपंच उभे आणि आत्या बसायला निघालेली, असं दृश्य आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. ती अवघडत टोकावर बसली.

"आता तुमीच तपासा," सर म्हणाले. "मी सांगीन ते मानू नका. मागच्या साली गोळ्या कोनी खाल्ल्या, विचारा."

आत्यानं विचारलं. वीस-पंचवीस हात वर झाले.

"चक्कर कोनाले आली?"

तीन हात.

"किती दिवस?" आत्यानं हे स्वतःहून विचारलं. एक दिवस, असं दोघं म्हणाले. तिसरी बाई म्हणाली, "सांजवेळी उतरली."

आत्या त्या बाईकडे पाहत होती. तिच्याच टोलीतली, तिच्याच शेजारची. "अवं, तू तं यंदा रोवण्याले माह्या संगं होती. माह्यापेक्षा दोन वाफे जास्त लावले तुनं."

"मंग," ती बाई म्हणाली.

आत्या खुर्चीवरून उठली, ओट्यावर ठेवलेल्या आपल्या डब्यातला भात तिनं दोन घास खाल्ला आणि टेबलाकडे गेली. मुलींनाही घेऊन गेली. मी रडत होते आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती. सगळ्यांनी गोळ्या खाल्ल्या असं नाही. काहींनी खिशात टाकून नेल्या, एक-दोघं सरळ घरी गेले. पण दुपारी सिस्टरबाईंचा डबा जवळपास रिकामा होता. हेडसरांनी वर काही लिहिलं नाही. सायक्लोस्टाइलच्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी आपल्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

त्यानंतर सरांनी मला एकच शिक्षा दिली. घरोघर फिरून कागद परत आण आणि फाड. मी आठ आणले. वर्गात फाडलेला एक धरून नऊ. दहावा कुठं गेला, ते कोणालाच सांगता येईना. पुढे शाळा सोडेपर्यंत सर मला पाहिलं की विचारायचे, "दहावा?" मी मान हलवायची. "मंग तुही घंटा नाई झाली अजून," असं म्हणून दोन्ही घड्याळं पाहत निघून जायचे.

मी शिक्षिका झाले. आता दरेकसाकडच्या डोंगरातल्या शाळेत आहे. माझी मुलं घरी गोंडी आणि छत्तीसगढी बोलतात आणि डस्टर माझ्या सरांच्या वर्गापेक्षा जोरात आपटतात. सर निवृत्त होऊन आमगावकडे गेले. काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, गोळ्यांच्या मोहिमेच्या आधी माझ्या मोबाईलवर एक मेसेज आला. हत्तीपायाच्या गोळीने रक्त पातळ होते आणि माणसाची बांधीत उभं राहायची ताकद कायमची जाते. नागपूरचे डॉक्टर आता मुंबईचे झाले होते. दहा घरांच्या जागी दहा ग्रुप आले होते. बाकी शब्द न् शब्द माझा.

मी शाळेच्या ओसरीतच खाली बसले. मग सरांना फोन लावला.

"सर, दहावा सापडला."

"कायवरून?"

मी मेसेज वाचून दाखवला.  मग सरांचा आवाज, अगदी खुर्ची सोडून उठताना असायचा तसा. "अवं पोरी, कुठून कुठं गेली तुही थाप. आता कोनाची वाट पाहून राहिली? फाड."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो मेसेज फळ्यावर उतरवला. मुलांनी मसाले मोजले, चिमूट शोधली आणि गावात घरोघर कसं जायचं तेही ठरवलं. शेवटी मी त्यांना सांगितलं, की हे वाक्य मी नववीत असताना लिहिलं होतं. मला वाटलं वर्ग गप्प होईल.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तरातरा पुढे आली आणि तिनं डस्टर आपटला. "मॅडम, तुम्हीच लिहिलं कायवरून?"

माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. मी उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.